पावणेसदतीसची सांदणं

आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा घरांना मी मुलगी पास झाल्याची सांदणं वाटली, तेव्हा ती पास झालेली नव्हती. होण्याची चिन्हंही फारशी नव्हती. पण हे त्या अकरा घरांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं, त्यामुळे सांदणं सगळ्यांनी आवडीनं खाल्ली.

ही रियाधमधली गोष्ट. आखाती युद्ध चालू होतं. मी तिथल्या एका भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागाची बस चालवायचो. गाव माझं रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठचं. तिथून ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग सौदी. माझ्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इकामा, तिथं राहायचा परवाना, होता त्या माणसानं, सातवी न झालेल्या ड्रायव्हरला बायको आणि मुलगी आणायचे कागद करून दिले होते. का दिले, ते मला अजून कळलेलं नाही. मी कधी विचारलंही नाही. विचारायला जावं आणि आपली चूक झाली हे त्याच्या लक्षात यावं, म्हणजे झालंच. आजही माझ्या दुआत तो असतो.

मी मुळात धास्तीचा माणूस. हँडब्रेक ओढला की दोनदा बघणार. बस रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत जाऊन वाकून बघणार, कुणी मुलगी झोपून तर राहिली नाही ना. इतक्या वर्षांत एकदाही कुणी राहिली नव्हती, तरी बघणार. अशा माणसाच्या वाट्याला युद्ध आलं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या, एक खोली बंद करून ठेवलेली, विषारी वायू आत येऊ नये म्हणून दाराखाली सारायला ओला टॉवेल. भोंगा झाला की आम्ही तिघं त्या खोलीत. ओळखीची कितीतरी कुटुंबं गावी निघून गेली. आम्ही राहिलो, कारण गेलो आणि परत येऊ दिलं नाही तर काय, ही माझी काळजी युद्धापेक्षा मोठी होती. बायको म्हणायची, "तुमी बॉम्बाला भीत नाय. इकाम्याला भिता."

शाळा बंद झाली. मुली घरात, शिकवणाऱ्या बाया घरात, बस बंद. मग शाळेनं एक युक्ती काढली. दर शनिवारी प्रत्येक विषयाचा एक पेपर पाकिटात घालून मुलींच्या घरी पोचवायचा. प्रत्येक विषयाची वेळ ठरलेली; गणिताचं पाकीट मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला सगळ्या घरांत फोडायचं. आई नाहीतर बाप घड्याळ घेऊन समोर बसणार, आणि पेपर झाल्यावर वर लिहून सही करणार की मुलीनं पुस्तक बघितलं नाही. बुधवारी पेपर गोळा करायचे. पोचवायचं आणि गोळा करायचं काम माझं.

मला तर ईदच झाली. घरात बसून रेडिओ ऐकत राहिलो असतो तर भीतीनंच गेलो असतो. त्यापेक्षा रिकाम्या रस्त्यावरून रिकामी बस घेऊन जायचं, एकेका दारावरची बेल वाजवायची. आतून मुली ओरडायच्या, "अम्मी, ड्रायव्हर अंकल आले, पेपर आला!" शाळा चालू असताना एवढा आनंद त्यांना माझ्या बसचा कधी झाला नव्हता. कुणी चहा द्यायचं, कुणी खजूर द्यायचं, कुणी विचारायचं, "भाई, बाहेर काय आहे?" जसा काही मी आघाडीवरून आलोय. मीही जरा छाती काढून सांगायचो, "सब ठीक है." बघितलेलं काय असायचं, तर दोन सिग्नल आणि एक पेट्रोल पंप.

माझी मुलगी त्याच शाळेत, नववीत. बाकी विषयांत तिचं बरं चालायचं. गणित मात्र तिला बघवत नव्हतं. गणिताचं पुस्तक ती दोन बोटांनी उचलायची, जशी आपण मेलेली मासळी उचलतो. गणित शिकवणाऱ्या मॅडम आपल्या नागपूरकडच्या, नवरा तिथल्या बँकेत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तपासलेला पहिला पेपर परत आला, त्यावर शंभरपैकी वीस होते.

मी म्हटलं, "जाऊ दे. हे काय खरे पेपर नव्हेत. पोरींना गुंतवून ठेवायला दिलेत. खरा पेपर वार्षिकचा. तू वार्षिकचं कर."

"अब्बा, सच में?"

"मी सांगतो ना."

मी सांगत होतो त्याला कारण होतं. सातवीला मी वर्षभर गणितात पहिला-दुसरा होतो. त्या वेळी सातवीची परीक्षा तालुक्याच्या केंद्रावर व्हायची. तिच्या आदल्या दिवशी मला गोवर निघाला. परीक्षा गेली. वर्षभराचा पहिला-दुसरा नंबर कुणी विचारला नाही. एक पेपर नाही म्हणजे काहीच नाही. पुढच्या जूनमध्ये वडील म्हणाले, आता कुठे परत बसतोस, आणि मी ट्रकवर चढलो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की वर्षभर काय वाट्टेल ते करा, शेवटचा पेपर म्हणजेच परीक्षा.

मुलीनं बापाचं ऐकलं. एरवी ती माझं इतकं कधी ऐकत नसे. दुसऱ्या पेपरात दहा, तिसऱ्या पेपरात वीस. मंगळवारी दोन तासांतला दीड तास ती समासात फुलं काढायची. बायको समोर घड्याळ घेऊन बसायची आणि इमानदारीत सही करायची की मुलीनं पुस्तक बघितलं नाही. ते खरंच होतं. पुस्तकाकडे तिनं ढुंकूनही बघितलं नव्हतं.

मग शाळेचं पत्रक आलं. मीच ते घरोघर वाटलं. इंग्रजीत होतं, म्हणून घरी येऊन मुलीकडून वाचून घेतलं. वार्षिक परीक्षा या वर्षी होणार नाही. निकाल आधीच्या परीक्षांवरून आणि घरच्या पेपरांवरून लावला जाईल. खाली चार ओळी होत्या. पहिली युनिट टेस्ट, वेटेज दहा. सहामाही, वेटेज तीस. दुसरी युनिट टेस्ट, वेटेज दहा. घरचे पाच पेपर मिळून, वेटेज पन्नास.

वार्षिक नाही ही ओळ मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. नववीत नापास झालेल्या मुलीला शाळा पुन्हा त्याच वर्गात घेत नव्हती. वर्ग भरलेले, दाराबाहेर रांग. म्हणजे तिला गावी माझ्या धाकट्या भावाकडे पाठवायची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, आणि इंग्रजीतून शिकलेली पोर तालुक्याच्या मराठी नववीत जाऊन बसणार नव्हती. ती घरीच बसली असती. घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते मला माहीत होतं. तिच्या आईचं तेच झालं होतं, पाचवीतून.

"वेटेज म्हणजे काय गो?" मी विचारलं.

"इम्पॉर्टन्स, अब्बा. कुठली टेस्ट किती इम्पॉर्टन्ट, ते सांगतात फक्त. मार्क्स आर मार्क्स."

मी पेन्सिल घेतली. पहिली युनिट टेस्ट साठ. दुसरी चाळीस. सहामाही तीस. घरच्या पेपरांचे वीस, दहा, वीस, त्यांची सरासरी सतरा धरली. साठ आणि चाळीस शंभर, तीस एकशेतीस, सतरा एकशे सत्तेचाळीस. चार गोष्टी, भागिले चार. आले पावणेसदतीस. पास व्हायला हवे होते तेहतीस.

मी परत केलं. परत पावणेसदतीस. तिसऱ्यांदा खालून वर बेरीज केली. पावणेसदतीसच.

"अगं, ही पास हाय!" मी ओरडलो. "उरलेले दोन पेपर बाकी हायत आणि ही आत्ताच पास हाय!"

मुलगी पलंगावर उडी मारून उभी राहिली. बायकोनं एकदाच विचारलं, "नक्की ना?" आणि मी कागद तिच्या तोंडासमोर धरला. तिला त्यातलं काही कळणार नव्हतं, पण आकडे टापटीप होते. ती उठली आणि तांदूळ काढले. आमच्याकडे आनंदाचं काही झालं की सांदणं होणार. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, गूळ, आणि वाट्या-वाट्यांतून वाफेवर उकडायचं. बत्ह्याच्या बाजारात एक नारळवाला युद्धातही दुकान उघडून बसायचा. मी चार नारळ आणले.

अकरा घरं. खालच्या मजल्यावर एक हैदराबादी इलेक्ट्रिशियन राहायचा. त्याची बायको-मुलं गावी गेलेली, त्यामुळे त्याला बोलायला कुणी नव्हतं आणि जो सापडेल त्याच्याशी तो दोन माणसांचं बोलायचा.

"क्या मियाँ, ये कायकी मिठाई?"

"बेटी पास हो गई."

"इम्तिहान तो कॅन्सल हुआ बोले ना?"

"बिना इम्तिहान के पास हुई."

"वाह! कित्ते परसेंट?"

"पावणेसदतीस," मी मराठीतच म्हणालो, कारण ते हिंदीत मला येत नव्हतं. त्यानं मान डोलावली आणि दोन सांदणं उचलली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. चौथा पेपर वाटायला निघालो तेव्हा बायकोनं मॅडमसाठी स्टीलच्या डब्यात सहा सांदणं घालून दिली. "त्यांचे उपकार हायत," ती म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. मॅडमच्या दारात मी बेल वाजवली. दार नेहमीसारखं त्यांच्या मिस्टरांनी उघडलं. बँक बंद, अंगात स्वेटर, हातात मराठी दिवाळी अंक, बहुतेक चौथ्यांदा वाचत होते. मॅडम त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे कशाबद्दल, भाई?"

"मुलगी पास झाली ना मॅडम. तुमच्यामुळे."

मॅडमनी डब्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. "कोणी सांगितलं?"

मी खिशातून कागद काढला. त्यांनी तो वाचला. बाई हसल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भागाकार अगदी बरोबर आहे तुमचा. पण भाई, चारानं भागायचंच नाहीये."

"चार परीक्षा आहेत ना?"

"बसा. अहो, यांना खुर्ची द्या. भाई, तुमच्या बसच्या सकाळी दोन फेऱ्या असतात ना? समजा पहिल्या फेरीत पन्नास मुली. प्रत्येकीकडे एक डबा. दुसऱ्या फेरीत दहाच मुली, पण लाडाच्या. प्रत्येकीकडे तीन डबे. तर एका मुलीमागे सरासरी डबे किती?"

"एक आणि तीन चार. भागिले दोन. दोन डबे."

"एकूण मुली किती?"

"साठ."

"साठ मुली, प्रत्येकीचे दोन. म्हणजे एकशेवीस डबे. आता बसमध्ये चढून खरे मोजा."

मी डोळे मिटून बसमध्ये चढलो. पहिल्या फेरीचे पन्नास. दुसऱ्या फेरीचे तीस. "ऐंशी," मी म्हणालो.

"मग वरचे चाळीस डबे कुठून आले?"

मिस्टर दिवाळी अंकाआडून म्हणाले, "ड्रायव्हरच्या घरून आले असतील. सांदणांचे."

आता मात्र मॅडमना हसू आवरलं नाही, आणि मलाही. हसता हसता माझ्या लक्षात आलं. मला ते अगदी डोळ्यांपुढे दिसलं. पन्नास मुलींनी भरलेली बस आणि दहा मुलींची बस मी एकसारखी धरली होती. साठ मार्कांची युनिट टेस्ट म्हणजे लाडाच्या दहा मुली. डबे पुष्कळ, पण मुली दहाच. आणि घरचे पेपर म्हणजे पन्नास मुलींनी भरलेली फेरी, जिच्यात माझी मुलगी समासात फुलं काढत बसली होती. माझ्या सांगण्यावरून.

मॅडमनी माझ्याच कागदाच्या मागे लिहून दिलं. साठचे दहा टक्के, सहा. चाळीसचे दहा टक्के, चार. तीसचे तीस टक्के, नऊ. झाले एकोणीस. घरच्या पाच पेपरांचे पन्नास, म्हणजे प्रत्येकाला दहा. वीसचे दोन, दहाचा एक, वीसचे दोन. झाले पाच. एकूण चोवीस.

"तेहतीसला नऊ कमी," मी म्हणालो.

"दोन पेपर बाकी आहेत. दोघांत मिळून नऊ आणायचे. म्हणजे प्रत्येकी पंचेचाळीस मार्क. आणेल ती. डोकं आहे तिला. आणि भाई, तिला सांगा की घरचे पेपर हीच परीक्षा आहे."

"मीच तिला उलटं सांगितलं मॅडम."

"मग सुलटं पण तुम्हीच सांगा."

त्यांनी आपल्या हातानं लिहिलेली दोन वह्या भरून टिपणं दिली. मिस्टरांनी तेवढ्यात एक सांदण संपवलं होतं. म्हणाले, "निकाल काही लागो, हे मात्र पास आहे."

घरी येऊन मी मायलेकींना समोर बसवलं आणि पन्नास मुली, दहा मुली, डबे, सगळं सांगितलं. मुलगी आधी रडली. मग म्हणाली, "अब्बा, तुम्हीच बोलले होते जाऊ दे."

"हो. मीच बोललो होतो."

एवढं कबूल केल्यावर ती रडायची थांबली. मला वाटतं, बापाची चूक सापडली की पोरांना अभ्यासाला जोर येतो. बायको मात्र दुसऱ्याच काळजीत होती. "अकरा घरांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं? काही नाही."

"आणि नऊ नाय आले तर?"

मी मॅडमच्या वह्या उघडून मुलीसमोर ठेवल्या. आमच्यात त्या दिवशी एकच गोष्ट ठरली. सांदणं परत मागता येत नाहीत, तेव्हा मार्क आणायचे.

मग आमच्या बंद खोलीत गणित सुरू झालं. ती मॅडमच्या वहीतलं एकेक गणित मोठ्यानं सोडवायची आणि मी ऐकायचो. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, मधेच मराठी. मला कळायचं थोडंच, पण मी दर पायरीला विचारायचो, "हे का?" आणि तिला सांगावं लागायचं. सांगताना तिची तिलाच चूक सापडायची. "वेट, अब्बा, वेट," म्हणायची आणि खोडायची. कधी भोंगा व्हायचा, तेव्हा आम्ही आधीच त्या खोलीत असायचो, फक्त ओला टॉवेल दाराखाली सारायचा आणि पुढे चालू. बायको म्हणाली, "हे बरंय. पळायला नको."

चौथ्या पेपरात चाळीस आले. मुलीनं मार्क बघून आनंदानं उडी मारली, आणि हवेत असतानाच तिच्या लक्षात आलं असावं, कारण खाली आली ती गंभीर होऊन. चाळीसचे चार. चोवीस आणि चार अठ्ठावीस. आता एका पेपरात पाच. म्हणजे पन्नास हवेत. तिनं आयुष्यात गणितात पन्नास एकदाच ओलांडले होते.

तोवर बिल्डिंगमध्ये बातमी फुटली होती. कशी फुटली? मीच फोडली. हैदराबाद्यानं जिन्यात विचारलं, "मियाँ, बच्ची दिखती नहीं," आणि मी म्हणालो, "पढ रही है." तो म्हणाला, "पास होने के बाद पढ रही है? नवा कायदा है क्या?" खोटं बोलणं मला जमत नाही, घाम फुटतो. सगळं सांगून टाकलं, डब्यांसकट. तो जिन्यावरच बसून हसला. मग उठला आणि म्हणाला, "हौ मियाँ, मैं भी दुआ करताऊँ. मीठा तो खा लिया, अब दुआ तो देनीच पडेगी."

मला वाटतं अकराही घरांनी केली असावी. सगळ्यांनीच खाल्लं होतं.

पाचवा पेपर. मंगळवार, सकाळचे दहा. बायको घड्याळ घेऊन बसली. मी बाहेर जिन्यात, कारण माझ्या पायांच्या हालचालीनं मुलीला त्रास होतो म्हणून मला हाकललं होतं. पेपर सुरू होऊन तास झाला असेल, आणि भोंगा. दिवसा सहसा व्हायचा नाही, त्या दिवशी झाला. मी आत धावलो. बायकोनं मुलीला बंद खोलीत ढकललं, पेपर हिसकून घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली घालून त्यावर बसली.

"अम्मी, मेरा पेपर!"

"भोंगा हाय तोवर परीक्षा बंद. आंगठीकडं बघ माझ्या, पेपराकडं नाय."

आम्ही तिघं बसलो. बायकोनं मनगट वर धरलेलं, डोळे घड्याळावर. सुटकेचा भोंगा झाला तसा तिनं मांडीखालून पेपर काढला, तळहातानं सारखा केला आणि जाहीर केलं, "नऊ मिनटं. नऊ मिनटं जास्तीची मिळणार." बारा वाजून नवव्या मिनिटाला तिनं पेपर ओढून घेतला. मुलगी शेवटच्या गणिताच्या शेवटच्या ओळीवर होती. ओळ तशीच अर्धी राहिली.

आता माझी धास्ती सुरू. सही करायची की नियम पाळला. पाळला होता की नव्हता? दोन तास म्हटलं होतं. कागदावर दोन तास नऊ मिनिटं झाली होती. शेवटचं गणित त्या नऊ मिनिटांतलं. ते मोजलं नाही तर पन्नास होणार नाहीत, हे मला पेपर न तपासताही कळत होतं.

"कशाला लिहिता?" मुलगी म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

बायको म्हणाली, "लिवा. मांडीखाली होता तेपण लिवा."

मी सहीच्या वर मराठीत लिहिलं, 'भोंगा झाल्यामुळे नऊ मिनिटे पेपर बंद होता. पेपर आईच्या मांडीखाली होता. नऊ मिनिटे नंतर दिली.' बुधवारी पेपर गोळा करून मॅडमना दिले. त्यांनी माझ्या मुलीचा वरच होता म्हणून ती ओळ तिथेच वाचली. मग तो पेपर गठ्ठ्याच्या तळाशी घातला. मी बस चालवत घरी कसा आलो ते मला आठवत नाही.

त्यानंतर काही दिवसांतच युद्ध थांबलं. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, लोक गाड्यांतून हात बाहेर काढून ओरडत होते. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी काचांवरच्या चिकटपट्ट्या खरवडायला घेतल्या. त्या निघता निघत नव्हत्या. मीही खरवडत होतो, आणि मनात एकच, पन्नास आले का.

शाळेनं तपासलेले पेपर आणायला मला पाठवलं. मॅडमच्या दारात बेल वाजवली. मिस्टर कोट-टाय घालून बँकेत निघालेले. मॅडम पाकीट घेऊन आल्या. मी विचारलं नाही. पाकिटाकडे हात केला.

"तुमच्या मिसेसला सांगा," मॅडम म्हणाल्या, "इतक्या शाळांत मी शिकवलं, पण असा सुपरवायझर मला कुठे मिळाला नाही. नऊ मिनिटं मी मान्य केली. शेवटचं गणित अर्धं आहे, पायऱ्यांचे मार्क दिलेत. पंचावन्न."

मी पाकीट काखेत मारून बोटं मोजू लागलो.

"पुढचं तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "मी सांगणार नाही."

मी खाली बसपाशी आलो. मागच्या काचेवर धुळीचा जाड थर होता. बोटानं लिहायला सुरुवात केली. सहा. चार. नऊ. दोन, एक, दोन. चार. पंचावन्नचे दहा टक्के, साडेपाच. बेरीज केली. साडेतेहतीस. खालून वर केली. साडेतेहतीस. बाजूनं जाणारा एक सौदी म्हातारा थांबून बघू लागला. काचेवर आकडे लिहून एक हिंदी ड्रायव्हर डोळे पुसतोय. त्यानं विचारलं, काही तुटलं का? मी म्हटलं, "ला, ला," म्हणजे नाही, नाही, "सगळं ठीक." तो "अल्हमदुलिल्लाह" म्हणून गेला. कशाबद्दल ते त्यानं विचारलं नाही.

मी ठरवलं, यादी शाळेच्या फळ्यावर लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. एकदा हात पोळले होते. पाकीट शाळेत पोचवून घरी आलो, जिना चढलो, आणि दाराच्या बाहेरच नारळाच्या दुधाचा वास आला. आत बायको वाफेवरच्या वाट्या उतरवत होती.

"मॅडमचा फोन आला?"

"नाय."

"मग हे काय?"

"पहिल्या वेळी तुमी हिशेब करून वाटलीत. ह्या वेळी मी हिशेबाशिवाय केली. पास हाय ना?"

मी तिला सांगायच्या आत मुलगी आतून आली. मी तिच्या समोर कागद ठेवला आणि सगळी बेरीज परत मांडली. ती वाकून एकेक आकडा बघत गेली, शेवटी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि साडेतेहतीसच्या शेजारी एक मोठी बरोबरची खूण केली. "करेक्ट, अब्बा." मग ती आईच्या गळ्यात पडली. सातवीत गोवर निघाला, त्यानंतर मला मिळालेली ती पहिली बरोबरची खूण. तो कागद माझ्याकडे आहे.

बायकोनं ताट माझ्या हातात दिलं. यादी लागायची होती, पण ती काही ऐकेना. मी खालच्या मजल्यावर गेलो. हैदराबाद्यानं दार उघडलं, ताटाकडे बघितलं.

"फिर पास हो गई?"

"हां."

"इस बार कित्ते परसेंट?"

"साडेतेहतीस."

त्यानं जरा हिशेब केला. "मियाँ, पहले से कम हो गए?"

"कम हैं," मी म्हणालो, "लेकिन असली हैं."

त्यानं तीन उचलली.